मुदत संपलेलं नाव अजून उत्तर देतंय: टर्मिनलवरून ईएनएस नावं तपासताना

कळफलक | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आमच्या गटाचं नाव हातचं जाता जाता राहिलं. अजून कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही सात-आठ जण मिळून एक मुक्त मराठी शब्दसूची सांभाळतो. फावल्या वेळातलं काम आहे. सर्व्हरच्या खर्चाला थोडीफार देणगी येते, त्यासाठी २०२१ मध्ये ईएनएसवर, म्हणजे इथेरियम नेम सर्व्हिसवर, एक .ईथ नाव घेतलं होतं. इथेरियम या ब्लॉकचेनवरचा (पुढे तिला नुसतं 'साखळी' म्हणतो) लांबलचक पत्ता देण्यापेक्षा लोकांना एक सुटसुटीत नाव देता येतं, एवढाच हेतू. नाव आमच्यातल्या एका मित्राने स्वतःच्या वॉलेटवरून घेतलं. पुढे त्याची नोकरी बदलली, जुना ईमेल बंद झाला, आणि नावाची मुदत कधी संपते हे कुणाच्याच डोक्यात राहिलं नाही.

मी दर महिन्याला टर्मिनलवर नाव तपासायचो. आमचाच पत्ता यायचा. मी निर्धास्त.

मग एक दिवस दुसऱ्याच कशासाठी तरी मुदतीची तारीख काढली, तर मुदत संपून ७१ दिवस झालेले! ईएनएसमध्ये मुदतीनंतर ९० दिवसांची सवलत असते. म्हणजे हातात १९ दिवस होते. त्यानंतर ते नाव कुणीही घेऊ शकलं असतं, आपला पत्ता त्यात भरू शकलं असतं, आणि आमच्या पानावरचं नाव वाचून पैसे पाठवणाऱ्याला काही कळलंही नसतं.

७१ दिवस मुदत संपलेलं नाव व्यवस्थित उत्तर कसं देत होतं, हे समजून घेण्यात माझे दोन दिवस गेले. ते सांगतो.

मी वापरतो ते साधन म्हणजे फाउंड्री या मुक्तस्रोत संचातलं 'कास्ट'. कमांडी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या. रोजची कमांड अशी:

कास्ट रिझॉल्व्ह-नेम व्हिटालिक.ईथ --आरपीसी-यूआरएल (तुमच्या नोडचा पत्ता)

व्हिटालिक.ईथ हे इथेरियमचे सहसंस्थापक व्हिटालिक ब्युटेरिन यांचं नाव, फक्त उदाहरणासाठी. नोड म्हणजे साखळीची प्रत सांभाळणारा संगणक.

उत्तरात एका ओळीत पत्ता येतो. फी लागत नाही, वॉलेटही लागत नाही, कारण आपण साखळीवर काही लिहीत नाही, फक्त वाचतो. पण या एका ओळीमागे तीन पायऱ्या आहेत, आणि त्या एकदा तरी सुट्या करून पाहाव्यात.

पहिली पायरी हॅशची, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेल्या ठराविक लांबीच्या आकड्याची. साखळीवरची रजिस्ट्री, म्हणजे नावांची नोंदवही, नावाला नावाने ओळखत नाही, ३२ बाइटच्या हॅशने ओळखते. त्याला नेमहॅश म्हणतात. उजवीकडून सुरुवात करायची: रिकाम्या नावाचा हॅश म्हणजे ३२ शून्य बाइट. त्याला 'ईथ' या शब्दाचा हॅश जोडून पुन्हा हॅश. आलेल्या उत्तराला डावीकडच्या शब्दाचा हॅश जोडून पुन्हा हॅश. 'कास्ट नेमहॅश ईथ' असं दिलंत तर ९३सीडीईबी७०८बी अशी सुरुवात असलेला आकडा येईल. तो सगळ्यांच्या संगणकावर सारखाच यायला हवा.

दुसऱ्या पायरीवर रजिस्ट्रीच्या कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे साखळीवर चालणाऱ्या तिच्या प्रोग्रॅमला, विचारायचं की या हॅशचा रिझॉल्व्हर, म्हणजे नावाचा पत्ता सांगणारा कॉन्ट्रॅक्ट, कोण. हे 'कास्ट कॉल'ने करता येतं. रजिस्ट्रीच्या पत्त्यात सुरुवातीला ओळीने ११ शून्यं आहेत, त्यामुळे तो एकदा पाहिला की लक्षात राहतो. पण पत्ता कुठल्याही धाग्यावरून उचलू नका, माझ्याही नाही. ईएनएसच्या अधिकृत कागदपत्रांतूनच घ्या.

तिसरी पायरी, जो रिझॉल्व्हर मिळाला त्याला विचारायचं की या हॅशचा पत्ता काय.

आता गंमत नाही, गोम इथे आहे. रजिस्ट्रीत प्रत्येक नावापुढे मालक, रिझॉल्व्हर आणि उत्तर किती वेळ साठवून ठेवावं याचा आकडा, एवढंच असतं. मुदतीचा रकाना तिथे नाहीच. .ईथ नावांची मुदत रजिस्ट्रार नावाच्या एका वेगळ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये असते, आणि वरच्या तीन पायऱ्यांत त्या कॉन्ट्रॅक्टच्या दारात आपण जातच नाही. मुदत संपली तरी रजिस्ट्रीतली नोंद जागच्या जागी राहते, कुणीतरी नवीन येऊन ती बदलेपर्यंत. सातबाऱ्यावर नाव अजून आहे म्हणून जमीन आपलीच असं समजून बसावं, तसं माझं झालं होतं.

मुदत वेगळी विचारावी लागते. आधी 'कास्ट केच्चाक' (केच्चाक ही इथेरियमची हॅश काढायची रीत) देऊन नुसत्या डावीकडच्या शब्दाचा हॅश काढायचा, .ईथ न लावता. मग तो आकडा रजिस्ट्रार कॉन्ट्रॅक्टच्या 'नेमएक्स्पायर्स' या फंक्शनला द्यायचा. उत्तरात सेकंदांचा एक मोठा आकडा येतो. त्याच्यापुढे चौकटी कंसात तोच आकडा शास्त्रीय पद्धतीने छापलेला असतो, तो सोडून द्यायचा. लिनक्सवर 'डेट -डी @आकडा' दिलं की तारीख समोर.

आमच्या नावाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मित्राच्या वॉलेटची किल्ली लगेच हाती येईना. पण नूतनीकरण कुणीही करू शकतं, त्यासाठी मालक असावं लागत नाही. मी माझ्या वॉलेटवरून पाच वर्षांचे पैसे भरले. नाव मित्राकडेच राहिलं, मुदत वाढली.

---

चौकस | सोमवार, रात्री १०:३१

फार उपयोगी. एक शंका. उलट दिशेने, म्हणजे पत्ता देऊन नाव काढता येतं का? मला एका अनोळखी पत्त्यावरून छोटी रक्कम आली आहे. एका संकेतस्थळावर त्या पत्त्यापुढे एका बऱ्यापैकी प्रसिद्ध माणसाचं .ईथ नाव दिसतंय.

---

कळफलक | सोमवार, रात्री १०:५८

@चौकस, त्या नावावर लगेच विश्वास ठेवू नका.

काढता येतं, 'कास्ट लुकअप-ॲड्रेस' आणि पुढे पत्ता. पण उलट नोंद ज्याचा पत्ता आहे तोच लिहितो, आणि त्यात काय लिहावं यावर बंधन नाही. मी माझ्या पत्त्याच्या उलट नोंदीत व्हिटालिक.ईथ असं लिहिलं तर मला कुणी अडवत नाही. म्हणून उलट शोधातून नाव आलं की तेच नाव सुलट शोधायचं. आलेला पत्ता मूळ पत्त्याशी जुळला तरच ते नाव खरं. सुलट नोंद बदलणं फक्त नावाच्या मालकाच्या हातात असतं, म्हणून ही फेरी पूर्ण झाली की खोटेपणाला जागा उरत नाही.

कमांडीला '--व्हेरिफाय' जोडलं की कास्ट स्वतःच ही फेरी मारतं. माझ्या मते तो शब्द जोडल्याशिवाय ही कमांड वापरूच नये. चांगली वॉलेटं ही तपासणी करतात, पण सगळी संकेतस्थळं करतातच असं नाही.

---

चौकस | सोमवार, रात्री ११:२०

जुळलं नाही. नाव एका पत्त्याकडे नेतंय आणि मला रक्कम आलीय दुसऱ्याच पत्त्यावरून. मी त्या पत्त्यावर 'परत पाठवतो' म्हणून रक्कम पाठवणारच होतो. मनापासून आभार.

---

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ७:१२

धागा आवडला, पण मूळ मुद्द्यावर माझं समाधान होत नाही. दरवर्षी पैसे भरा, विसरलात की नाव गेलं. मग साध्या डोमेनमध्ये आणि यात फरक काय राहिला? माझ्या धाकट्या भावाने दुकानाचं डोमेन असंच गमावलंय. विकेंद्रित म्हणता तर भाडं कुणाला आणि कशासाठी?

---

कळफलक | मंगळवार, सकाळी ८:४०

@हिशेबनीस, प्रश्न रास्त आहे. आधी आकडे देतो. डावीकडचा शब्द पाच किंवा जास्त अक्षरांचा असेल तर वर्षाला ५ डॉलर, चार अक्षरी १६० आणि तीन अक्षरी ६४०. भरायचे ईथरमध्ये, म्हणजे इथेरियमच्या चलनात.

भाडं का, याचं उत्तर ईएनएसच्या आधीच्या प्रयोगात आहे. नेमकॉइन २०११ मध्ये आलं, बिटकॉइनच्याच संहितेवरून बेतलेलं. त्यातली नावं .बिटने संपतात. नाव घ्यायला नगण्य खर्च. परिणाम काय झाला? २०१५ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी नेमकॉइनचा अभ्यास केला. सुमारे १,२०,००० नोंदवलेल्या नावांपैकी कुणी अडवून न ठेवलेली आणि खरा मजकूर असलेली नावं निघाली २८. अठ्ठावीस! बाकीची एकतर कुणीतरी अडवून ठेवलेली, नाहीतर आत नाममात्र मजकूर असलेली. फुकटात प्लॉट वाटले तर घरं बांधायला कुणी येत नाही, कुंपणं घालायला येतात.

पण एका बाबतीत नेमकॉइन मला जास्त प्रामाणिक वाटतं, आणि ती बाब नेमकी या धाग्याची आहे. तिथे नाव शोधायची कमांड 'नेम_शो'. डोमेनचं नाव असेल तर आधी 'डी/' लावायचं. उत्तरात नावाचा मजकूर येतो आणि त्याच उत्तरात 'एक्स्पायर्स_इन' म्हणून मुदतीचे उरलेले ब्लॉक, म्हणजे साखळीच्या कड्या, येतात. नाव ३६,००० ब्लॉक टिकतं. दहा मिनिटांना एक ब्लॉक धरला तर २५० दिवस. म्हणजे नाव पाहताना मुदत नजरेआड होऊच शकत नाही. ईएनएसची रचना जास्त लवचीक आहे, पण त्या लवचीकपणात मुदत वेगळ्या खोलीत जाऊन बसली.

आणि तुमच्या भावाच्या डोमेनशी फरक विचाराल तर मी एकच सांगेन. आमचं नूतनीकरण मी केलं, मालक नसताना, कुणाला फोन न करता, कुणाच्या परवानगीवाचून. आणि मुदत आहे तोवर मधला कुणी अधिकारी ते नाव काढून घेऊ शकत नाही.

---

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ९:०५

२८ हा आकडा डोक्यातून जात नाहीये. भाड्याचा मुद्दा पटला. 'विसरलात की गेलं' हा मुद्दा मात्र तसाच आहे.

---

प्रथमवर्ष | मंगळवार, दुपारी ४:१६

नमस्कार दादा, मी संगणक अभियांत्रिकीला आहे. काल रात्रीपासून हेच करत बसलोय. तीन ठिकाणी अडलो, त्यातलं एक सुटलं.

१. पहिलीच कमांड दिली तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. नंतर कळलं की नोडचा पत्ता दिला नाही तर कास्ट स्वतःच्याच संगणकावर ८५४५ पोर्टवर विचारायला जातं, आणि तिथे माझ्याकडे काहीच चालू नव्हतं. सार्वजनिक नोडचा पत्ता दिल्यावर चाललं.

२. नेमहॅश हाताने काढून पाहावा म्हणून पायथनमध्ये लिहिला. पायथनमधलंच एसएचए३-२५६ हे हॅशचं फंक्शन वापरलं. 'ईथ'चा हॅश तुम्ही दिलेल्या आकड्याशी अजिबात जुळत नाही. चार वेळा तपासलं.

३. एका मित्राच्या .बेस.ईथ नावाच्या रिझॉल्व्हरला 'कास्ट कॉल'ने पत्ता विचारला तर 'ऑफचेनलुकअप' अशी चूक येते. नाव बंद पडलंय का?

---

कळफलक | मंगळवार, सायंकाळी ६:०२

@प्रथमवर्ष, हाताने करून पाहिलंस हे फार चांगलं केलंस.

दुसऱ्या अडचणीत तुझी चूक नाही. इथेरियम वापरतं ते केच्चाक-२५६, मूळ स्पर्धेत सादर झालेल्या रूपातलं. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणसंस्थेने २०१५ मध्ये एसएचए३ हे प्रमाणक जाहीर केलं तेव्हा शेवटी जोडायचे बिट थोडे बदलले. आतलं यंत्र तेच, पण शेपूट वेगळी, त्यामुळे उत्तर पूर्ण वेगळं. पायथनमधलं एसएचए३ हे प्रमाणकाचं आहे. केच्चाक देणारी वेगळी लायब्ररी घे, आकडा जुळेल.

तिसऱ्यात नाव बंद पडलेलं नाही. काही नावांची माहिती मुख्य साखळीवर ठेवलेलीच नसते. रिझॉल्व्हर मुद्दाम ही 'चूक' परत करतो आणि तिच्यात एक वेबपत्ता देतो: इथून माहिती आण आणि मला दाखव, मी तपासून सांगतो. ही पद्धत ईआयपी-३६६८ या इथेरियमच्या सुधारणा-प्रस्तावात ठरवली आहे. समजूतदार वॉलेट त्या वेबपत्त्यावर जाऊन, आणलेलं उत्तर कॉन्ट्रॅक्टकडून तपासून घेऊन मग तुला दाखवतं. 'कास्ट कॉल' ही त्यापेक्षा खालच्या पातळीवरची कमांड आहे, ती जे आलं ते जसंच्या तसं समोर ठेवते. म्हणून तुला तो सांधा दिसला. वॉलेटमध्ये दिसला नसता.

---

पैलतीर | मंगळवार, रात्री ११:४४

जर्मनीहून लिहितोय, वेळेत फरक आहे म्हणून उशीर.

कळफलक, तुमचं लेखन उत्तम आहे, पण प्रथमवर्षच्या पहिल्या मुद्द्यावरून तुम्ही पटकन पुढे गेलात. 'सार्वजनिक नोडचा पत्ता दिल्यावर चाललं' असं तो म्हणतो. चाललं म्हणजे काय झालं? एका अनोळखी कंपनीच्या सर्व्हरला विचारलं आणि त्याने जे सांगितलं ते छापलं. त्या सर्व्हरने खोटा पत्ता दिला असता तरी कास्टने तोच छापला असता. तुमची '--व्हेरिफाय'ची फेरीसुद्धा त्याच सर्व्हरकडे जाते. मुदतीची तारीखही तोच सांगतो. साखळी हजारो नोडवर पसरलेली आहे हे खरं, पण तुम्ही विचारलंत एकालाच.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. हेलिओस नावाचा हलका क्लायंट आहे, २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला, रस्टमध्ये लिहिलेला. पूर्ण नोडसारखी सगळी साखळी उतरवून घ्यावी लागत नाही. इथेरियमवर ५१२ व्हॅलिडेटरची, म्हणजे ब्लॉक तपासून मंजूर करणाऱ्यांची, एक समिती असते, साधारण २७ तासांनी ती बदलते, आणि ती ताज्या ब्लॉकच्या शीर्षावर सह्या करते. हेलिओस त्या सह्या तपासतो. मग बाहेरच्या सर्व्हरकडून माहिती घेतो, पण प्रत्येक माहितीसोबत पुरावा मागतो, आणि तो पुरावा शीर्षातल्या हॅशशी ताडून पाहतो. सर्व्हर खोटं बोलला तर हिशेब जुळत नाही आणि तुम्हाला पत्ता मिळण्याऐवजी चूक मिळते.

सुरू केला की तो तुमच्याच संगणकावर ८५४५ पोर्टवर ऐकत बसतो. म्हणजे प्रथमवर्षची ती पहिली, न चाललेली कमांड, कुठलाही पत्ता न देता, तशीच चालते. त्याचं उत्तर त्या कमांडीतच होतं.

एक गोष्ट हेलिओसनेही सुटत नाही. बाहेरच्या सर्व्हरला तुमचा आयपी पत्ता आणि तुम्ही काय पाहताय हे कळतंच. कोण कुणाच्या देणगीचं नाव बघतंय ही माहिती कुणाच्या तरी नोंदवहीत जाते. मला ही गोष्ट फार टोचते. त्यासाठी मी गेली काही वर्षं जीएनयू नेम सिस्टम वापरतो.

---

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ७:३०

@पैलतीर, त्या जीएनयूवाल्यात भाडं आहे का? मुदतीचं काय?

---

पैलतीर | बुधवार, दुपारी १:१५

@हिशेबनीस, भाडं नाही. साखळीही नाही.

जीएनएस, म्हणजे जीएनयू नेम सिस्टम, आरएफसी ९४९८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहिलेली आहे, नोव्हेंबर २०२३. जीएनयूनेट या जुन्या मुक्त प्रकल्पाचा हा भाग. त्यात प्रत्येकाचं स्वतःचं क्षेत्र असतं, झोन. झोन म्हणजे किल्ल्यांची एक जोडी, ती तुम्ही घरी बसून तयार करायची. त्या झोनमध्ये हवी ती नावं लिहायची, सही करायची, आणि समान दर्जाच्या संगणकांच्या एका पसरलेल्या कोठारात सोडून द्यायची. शोधायची कमांड 'जीएनयूनेट-जीएनएस -यू' आणि पुढे नाव. '-टी' लावून कुठल्या प्रकारची नोंद हवी तेही सांगता येतं.

कोठारातल्या संगणकांना तुम्ही कुठलं नाव शोधताय ते कळत नाही. झोनची किल्ली आणि नाव यांच्यापासून एक वेगळीच किल्ली साधली जाते आणि शोध तिच्यावरून होतो. नोंदही कुलूपबंद असते. ज्याला झोन आणि नाव दोन्ही आधीच माहीत आहे त्यालाच ती उघडता येते. बाकीच्यांच्या हातात नुसतं बंद पाकीट.

आणि मुदत. प्रत्येक नोंदीच्या आतच तिची मुदत लिहिलेली असते, सहीखाली. ती संपली की नोंद ग्राह्यच धरली जात नाही. कळफलकांना ७१ दिवस जी खोटी शांतता मिळाली ती इथे मिळाली नसती. नाव सरळ गप्प झालं असतं.

किंमत मात्र वेगळ्या जागी मोजावी लागते. जगात सगळ्यांसाठी एकच असं नाव इथे नसतं. माझ्या झोनमधलं 'वाचनालय' आणि तुमच्या झोनमधलं 'वाचनालय' वेगळं. फोनच्या यादीत तुमची 'आई' आणि माझी 'आई' असते तसं. झूको विल्कॉक्स यांनी २००१ मध्ये मांडलेला त्रिकोण असा आहे: नाव माणसाला लक्षात राहण्याजोगं, सुरक्षित आणि विकेंद्रित, हे तिन्ही एकत्र साधणं कठीण. साखळीवाल्यांनी तिन्ही साधायचा दावा केला आणि त्यासाठी साखळी व भाडं स्वीकारलं. जीएनएसने नाव सगळ्या जगात एकच असावं हा हट्ट सोडला. देणगीसाठी पानावर छापायचं नाव असेल तर कळफलकांची निवड बरोबर आहे, हे मी जीएनएसचा चाहता असूनही म्हणेन. आणि किल्ली हरवली तर तुमच्या वतीने पैसे भरून झोन वाचवणारा इथे कुणी नाही.

---

अक्षरजुळणी | बुधवार, रात्री ९:२५

मी टंकांवर काम करते. कुणीतरी देवनागरी नावांचा विषय काढेल म्हणून वाट पाहत होते, शेवटी मीच काढते. कारण टर्मिनलवर हा प्रश्न स्क्रीनवर दिसतो त्यापेक्षा जास्त खोल आहे.

मराठीतला 'ऱ्य' घ्या. 'दऱ्या' हा शब्द संगणकात दोन प्रकारे लिहिलेला सापडतो. एक: द, ऱ, हलन्त, य, काना. दुसरा: द, साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा अदृश्य जोडक, य, काना, म्हणजे 'दर्‍या'. डोळ्यांना दोन्ही सारखे. युनिकोडमध्ये पहिली रीत मुख्य आणि दुसरी जुन्या मजकुरासाठी चालवून घेतलेली. पण हॅशला डोळे नसतात. त्याला बाइट दिसतात. दोन लेखनांचे दोन वेगळे नेमहॅश, म्हणजे दोन वेगळी नावं.

तो अदृश्य जोडक नुसता गाळून टाकला तर भागेल असं वाटतं, आणि २००३ च्या आंतरराष्ट्रीय डोमेन नियमांनी नेमकं तेच केलं होतं. परिणाम असा की 'दऱ्या' लिहायला जावं तर नाव 'दर्या'चं होतं. डोंगरातून थेट समुद्रात! 'आचाऱ्यांना' बोलवायला गेलात तर 'आचार्यांना' निमंत्रण पोचतं. मराठी माणसासाठी हे वेगळे शब्द आहेत, नियम करणाऱ्यांसाठी ती न दिसणारी खूण होती. पुढे २०१० च्या नियमांत हलन्तानंतरचा जोडक मान्य झाला.

ईएनएसने ईएनएसआयपी-१५ या नाव-प्रमाणीकरणाच्या नियमावलीत वेगळा रस्ता घेतला. इमोजी सोडून इतरत्र जोडक असेल तर नावच अग्राह्य. माझ्या मते हे बरोबर आहे. गुपचूप दुसराच शब्द करण्यापेक्षा स्पष्ट नकार बरा. 'ऱ' वापरून लिहा, प्रश्न मिटतो.

'ॲ'चा मात्र मिटत नाही. एकसंध 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधीची आणि अजूनही कितीतरी कळफलकांतून येणारी रीत म्हणजे 'अ'ला चंद्र जोडणं. र आणि खालचा नुक्ता असं लिहिलं तर युनिकोडच्या प्रमाणीकरणात ते आपोआप 'ऱ' होतं. 'ॲ'साठी अशी सोय नाही. दोन्ही रूपं दोन वेगळी अक्षरंच राहतात.

आणि कळफलक, तुम्ही दिलेल्या दरांत 'अक्षरं' म्हणालात. ती आपली अक्षरं नाहीत, युनिकोडचे संकेतांक आहेत. 'पुणे' आपल्याला दोन अक्षरी. कॉन्ट्रॅक्टला चार: प, उकार, ण, मात्रा. म्हणजे १६० डॉलर. 'नाव' तीन संकेतांकांचं, ६४०. 'आई' दोनच, आणि तीनपेक्षा कमी असलेलं नाव नोंदवताच येत नाही.

---

कळफलक | बुधवार, रात्री १०:१०

@अक्षरजुळणी, दर लिहिताना हे मला सुचलंच नव्हतं. दुरुस्ती मान्य.

तुमच्या मुद्द्याला टर्मिनलकडून एक जोड देतो. नेमहॅशची मूळ व्याख्या फक्त बाइटचा हॅश सांगते. नाव गाळून-निवडून घेण्याचं काम त्याच्या आधीचं आहे आणि ते साधनाने करायचं असतं. तुमची कमांड ते पूर्ण करतेच असं धरून चालू नका. वॉलेटने नाकारलेल्या लेखनाचाही हॅश टर्मिनल बिनतक्रार काढून देऊ शकतं. देवनागरी नाव तपासायचं असेल तर नावाचे बाइट आधी 'एक्सएक्सडी' कमांडने छापून पाहा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, जोडकही तीन बाइटचा. 'दऱ्या' १५ बाइट भरलं पाहिजे. १८ भरलं तर आत जोडक लपलाय, किंवा 'ऱ' हा र आणि नुक्ता असा सुटा लिहिलाय.

---

प्रथमवर्ष | गुरुवार, रात्री १२:०५

केच्चाकची लायब्ररी घेतली, 'ईथ'चा आकडा जुळला. हेलिओसही चालू केला, पैलतीर काकांनी सांगितल्याप्रमाणे पत्ता न देता कमांड दिली, चालली!

'दऱ्या' माझ्या फोनवरून टाइप करून पाठवलं तर १८ बाइट. लॅपटॉपवरून १५. मला दोन्हीत काही फरक दिसत नाहीये.

---

हिशेबनीस | गुरुवार, सकाळी ८:२०

एवढं सगळं वाचल्यावर एकच विचारतो. मुदत दर महिन्याला हाताने बघायची का? माणूस विसरतो. तुमचा मित्रही विसरलाच होता.

---

कळफलक | गुरुवार, रात्री ९:३५

@हिशेबनीस, नाही, आता हाताने बघत नाही. तुमच्या त्या 'विसरलात की गेलं' या वाक्यावरच रविवारी बसायचं ठरवलं होतं, ते आजच बसलो.

आमच्या सर्व्हरवर हेलिओस चालू ठेवला आहे. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या साधनात, एक छोटी स्क्रिप्ट रोज सकाळी ६ ला चालते. ती चार गोष्टी पाहते: रजिस्ट्रीतला मालक कालचाच आहे का, रिझॉल्व्हर कालचाच आहे का, पत्ता आमचाच आहे का, आणि मुदतीला किती दिवस उरलेत. पहिल्या तिन्हींत काही बदललं किंवा चौथा आकडा १८० च्या खाली गेला की गटातल्या सगळ्यांना ईमेल जातो. एकट्याला नाही, सगळ्यांना. हेलिओसकडून उत्तरच आलं नाही तरी ईमेल जातो, कारण गप्प राहण्याचा अर्थ 'सगळं ठीक' असा धरायचा नाही हे मी ७१ दिवसांत शिकलो.

स्क्रिप्ट वीस-बावीस ओळींची आहे. कुणाला हवी असेल तर व्यक्तिगत निरोप करा. कॉन्ट्रॅक्टचे पत्ते मी त्यात रिकामे ठेवले आहेत, ते तुम्ही स्वतः अधिकृत कागदपत्रांतून भरायचे.

---

चौकस | शुक्रवार, सकाळी १०:५०

स्क्रिप्ट मिळाली, पत्ते भरले, आमच्या ट्रेकिंग गटाच्या नावावर चालवली. मालक ठीक, पत्ता ठीक, उरलेले दिवस ३८.

गटातल्या कुणालाच माहीत नव्हतं. दुपारी पैसे भरतोय.